धुतलेल्या गोळ्या

सून सासूबाईंच्या कॅल्शियमच्या बाटलीत डोकावली आणि दचकलीच. गोळ्या चक्क ठिपकेदार! कुठे पांढऱ्या, कुठे राखाडी, कडा भुसभुशीत. बाटली तिच्याच कारखान्यातली होती आणि ही बॅच तपासून तिनेच पास केली होती. गोळ्यांचा वरचा थर असा सुटत असेल, तर दुकानादुकानांतून सगळा माल परत मागवावा लागणार. तिने साहेबांना फोन लावला. घंटी वाजून वाजून थांबली.

"सकाळी सकाळी कोणाला गं?" सासूबाईंनी विचारलं. पहिलीच्या वर्गाला शिकवण्यात त्यांचा जन्म गेला होता. त्यांच्या साध्या प्रश्नालाही उभं राहून उत्तर द्यावंसं वाटे.

"आई, तुमच्या गोळ्या खराब निघाल्यात. आणि पास केल्यात मीच! आता माझी धडगत नाही."

"खराब कशानं? चांगल्या स्वच्छ आहेत की. कालच धुतल्यात."

"काय केल्यात?"

"धुतल्यात. गाळणीत घेऊन, नळाखाली. मग फडक्यावर वाळवल्या. तूच परवा जेवताना सांगत होतीस ना, गोळीला पांढरा रंग देणारी ती पूड काही देशांनी खाण्यातून बाद केलीय म्हणून? द्राक्षं धुऊन खायची, तर गोळ्या का नाही?"

सून मटकन खुर्चीत बसली. मग तिला जे हसू फुटलं, ते काही केल्या आवरेना.

"दात काय काढतेस? वर्गातल्या सगळ्या पोरांना मी हेच शिकवलंय."

"अहो आई, तो थर नुसता रंगाचा नसतो. त्यामुळे गोळीला ओल लागत नाही, गिळताना ती घशात अडकत नाही. रंग काढायच्या नादात तुम्ही तिचा रेनकोटच उतरवलात!"

"बरं, उतरवला. पण ती पूड चांगली की वाईट? एका शब्दात सांग."

"एका शब्दात नाही सांगता येणार."

"मग तुला धडा नीट आलेला नाही."

सून पुढे सरकून बसली. "टायटॅनियम डायऑक्साइड तिचं नाव. औषधी गुण शून्य, काम फक्त पांढरं दिसायचं. वर्षानुवर्षं सगळीकडे वापरली. मग शंका निघाली, की तिचे अगदी बारीक कण शरीरात साचून पेशींना इजा करत असतील का? करतात, असं सिद्ध झालं नाही. नाहीच करत, असंही कोणाला छातीठोकपणे सांगता येईना. काही देश म्हणाले, नुसत्या दिसण्यासाठी शंका कशाला गिळायची? काहींनी मर्यादा घालून ती चालू ठेवली."

"म्हणजे उत्तर चुकलेलं नाही. अजून आलेलंच नाही."

"अगदी बरोबर! आणि आम्ही पुढच्या बॅचपासून ती काढतोय. गोळ्या जरा मळकट दिसतील."

"दिसू देत. मला कुठे त्या मिरवायच्यात? आणि या?"

"या फेकायच्या. संध्याकाळी नवी बाटली आणते. पण तिला आंघोळ घालायची नाही!"

तेवढ्यात साहेबांचा फोन आला. सासूबाईंनी डोळे मोठे केले आणि ओठांवर बोट ठेवलं.

"नाही साहेब, बॅच ठणठणीत आहे," सून म्हणाली. "आमच्या घरातली एक बाटली तेवढी वाया गेली. घरात स्वच्छता जरा जास्त आहे, त्यामुळे."

पाठीत एक हलका धपाटा बसला, तेव्हा ती फोनवरच खुदकन हसली. साहेब बिचारे "हॅलो, हॅलो" करत राहिले.