खेकड्याचं माप

शिंपीकाकांनी शिलाई मशीनशेजारच्या काचेच्या टाकीत डोकावलं. खेकडा कुशीवर पडला होता. चिमट्यानं उचलला, तर फुलासारखा हलका.

खेकडा लेकीचा होता. नदी समुद्राला मिळते तिथे कुठल्या पाण्यात कोणती कोळंबी, कोणते खेकडे राहतात, हा तिचा अभ्यास. समुद्राकडे जाती भरपूर, आत नदीत जावं तशा कमी. त्यातही वरच्या वळणावरची ही चिखलातली जात आता दिसेनाशी झाली होती. धरणातून पाणी कमी सुटतं, त्यामुळे भरतीचं खारं पाणी वरपर्यंत चढतं आणि तेच या जातीला सोसत नाही, असा लेकीचा अंदाज होता. तो तपासायला मोठ्या मिनतवारीनं सापडलेला हा एक खेकडा तिनं घरी आणला होता. टाकीतलं पाणी रोज किंचित खारं करत न्यायचं. आज ती होडीवर गेली होती आणि मिठाचं काम बापाकडे सोपवून गेली होती.

"तुम्ही एकदाच स्वयंपाक केला होता," बायको म्हणाली. "तेव्हाही मीठ असंच पडलं होतं."

"तिनं दिलं तेवढंच घातलं मी."

"मग मेला कशानं?"

काकांनी टेपनं खेकड्याची रुंदी घेतली, त्याला कुंडीत पुरलं आणि टेप गळ्यात तशीच ठेवून मासळीबाजार गाठला. चिखलातला तर चिखलातला, पण शेवटी खेकडाच. त्याच मापाचा दुसरा मिळणार नाही?

मासळीवालीनं त्यांना तीन खेकडे टेपनं मापताना पाहिलं. "काका, खायचाय की सदरा शिवायचाय त्याला?"

चौथा मापात बसला. घरी येऊन काकांनी त्याच्या नांग्यांची दोरी कापली आणि त्याला टाकीत सोडलं. नंतर एका ब्लाउजच्या दोन्ही बाह्या त्यांनी उलट्या जोडल्या.

लेक आली, पाय धुतले आणि टाकीकडे वळली.

"बाबा, हा कोण?"

"कोण म्हणजे? तोच की."

"याच्या नांग्यांवर जांभळे ठिपके आहेत."

काकांनी मशीनचं चाक हातानं थांबवलं. "गेला गं तुझा. माझंच मिठाचं काहीतरी चुकलं. कुंडीत पुरलाय."

लेकीचं लक्ष नव्हतं. बाही सारून तिनं आधी बाजारचा खेकडा बादलीत टाकला, मग टाकीतला कौलाचा तुकडा अलगद उचलला. खाली फिकट, ओल्या कागदासारखा मऊ खेकडा अंग चोरून बसला होता. डोळे हलत होते.

"कात टाकलीय त्यानं. तुम्ही रिकामं कवच पुरलंत." तिनं कौल परत ठेवलं. "आणि तुमच्या या पाहुण्यानं त्याला फस्त केलं असतं. आत्ता त्याला साधा चिमटाही काढता येत नाही."

काका स्टुलावर बसले.

"पण आहे ना जिवंत?"

"जिवंत? एवढ्या खाऱ्या पाण्यात वाढतोय तो. म्हणजे याला मीठ सोसतंय."

"मग नदीतून ही जात गेली कशानं?"

"काठ दगडांनी बांधून काढलेत. बीळ करायला चिखलच उरला नाही, कदाचित." ती स्वतःशीच हसली. "माझा अंदाजच चुकला असेल. पण एका खेकड्यावरून तेही म्हणता येत नाही. आणखी शोधावे लागतील."

"म्हणजे यांचं मीठ बरोबर होतं?" बायकोनं दारातून विचारलं. तिला ते पटलेलं दिसत नव्हतं.

"अगदी बरोबर होतं, आई."

काका टाकीपाशी वाकले. "एवढं चांगलं कवच टाकून कशाला द्यायचं? थोडं उसवून मोठं करता येत नाही?"

"शिवणीत माया ठेवलेली नसते ना, बाबा. माझ्या फ्रॉकना तुम्ही ठेवायचात, तशी."

काकांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला.

"ते कवच मला हवंय," लेक म्हणाली.

ते खुरपं घेऊन कुंडीकडे निघाले.

"जपून. पाय तुटतील त्याचे."

"जन्मभर रेशीम उसवत आलोय, पोरी," काका म्हणाले आणि खुरपं बाजूला ठेवून बोटांनी माती सारू लागले.