दुसरीतली अक्षरं

फुसाएबाईंनी टेबल आधी ओल्या रुमालाने पुसलं, मग तोच रुमाल उलटा करून पुन्हा पुसलं, आणि तेव्हा कुठे नातीला खुर्चीवर बसू दिलं. पर्समधून मोबाईल काढून त्यांनी तो मिरपुडीच्या डबीशेजारी पालथा ठेवला.

"हा इथेच असू दे, कोतोहा. आईचा फोन आला तर."

"ती तर खालीच आहे ना, गाडीत?" तेरुआकीने विचारलं.

"म्हणून काय फोन करू नये का माणसाने, इसोगाईसान?"

लग्नानंतर सात वर्षं ह्याच सासूबाई त्याला 'तेरू' म्हणायच्या. 'तेरू, जरा तो दिवा बदल', 'तेरू, अजून भात घे'. घटस्फोटाच्या कागदावर शिक्का बसला आणि तो एका दिवसात इसोगाईसान झाला. कारखान्यात त्याचा साहेबसुद्धा त्याला इतका मान देत नव्हता.

दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी साडेअकरा ते दीड, एवढा वेळ त्याला मुलगी मिळायची. जागा सुपरमार्केटचा दुसरा मजला. फुसाएबाई तीन टेबलं सोडून बसायच्या, तोंड इकडेच करून. मुलीला नूडल्स हव्या असायच्या, त्याही इथल्याच. पांढरट रस्सा, मांसाचा एक पातळ काप, चिमूटभर कांद्याची पात, आणि वर तीनशे नव्वद येनात मिळणारं पोटभर समाधान. खरं बोलायचं तर चव बेताचीच होती. पण तेरुआकी शाळेत असल्यापासून ती बेताचीच होती, आणि तिच्यावर रागवावं असं कधी कुणाला वाटलं नव्हतं.

तो काउंटरवर गेला. एक मोठा वाडगा, एक लहान. काउंटरवरच्या बाईने हातात बझर दिला, वाडगे तयार झाले की थरथरणारा. तो घेऊन वळतो तर मागे फुसाएबाई कॉफीसाठी उभ्या.

"महिन्यातून एकदा भेटायचं," त्या गोड आवाजात म्हणाल्या, "आणि त्यातही हेच खायला घालायचं. मुलीची हौस म्हणा, दुसरं काय."

"तिला आवडतं."

"मुलांना काय, पडलेलं चॉकलेटसुद्धा आवडतं." त्या जरा जवळ आल्या. "आमच्या घरी रविवारी मासे असतात. तिचे बाबा स्वतः भाजतात."

'तिचे बाबा' म्हणजे चिहारूचा, कोतोहाच्या आईचा, दुसरा नवरा. तेरुआकीने बझर दुसऱ्या हातात घेतला. बोलायला तोंड नव्हतंच. कोतोहा चार वर्षांची असताना एका संध्याकाळी तो तिला बालवाडीतून आणायचं विसरला होता. कारखान्यातली पाळी बदलली होती, तो घरी जाऊन झोपला. सात वाजता फुसाएबाईंनीच जाऊन तिला आणली, अंगात ताप, पायात बूट, अंगावर कोट, दोन तास तशीच दाराशी बसलेली. त्या संध्याकाळची आठवण बाईंनी अजून जपून ठेवली होती, आणि ती खोटी नव्हती हेच वाईट होतं.

"कोर्टातल्या बाईंचं पत्र मिळालं असेल तुम्हाला," फुसाएबाई म्हणाल्या.

"मिळालं."

"मग बरं झालं."

पत्र त्याच्या जाकिटाच्या आतल्या खिशात होतं. मुलीकडच्यांच्या म्हणण्याप्रमाणे, असं सुरू करून त्यात एक वाक्य अवतरणात दिलं होतं: 'बाबा, आपल्या नियमित भेटीगाठी यापुढे सुरू ठेवण्यास माझी संमती नाही, आणि हे मी स्वतःच्या मनाने सांगत आहे.' खाली भेटींचं काम बघणाऱ्या कोर्टातल्या बाईंनी लिहिलं होतं की मुलीची स्वतःची अशी इच्छा असल्याचं दिसून आलं तर भेटी थांबवाव्या लागतील. वाक्य कुणाचं हे ओळखायला पोलिसांची गरज नव्हती. फुसाएबाईंनी उभा जन्म नगरपालिकेच्या खिडकीमागे काढला होता. साध्या बोलण्यात वजन नसतं असं त्यांचं ठाम मत होतं. तेरुआकी वकिलाला म्हणाला, आठ वर्षांची मुलगी असं बोलते का? वकील म्हणाला, शब्द कुणाचे ते सिद्ध करता येत नाही, इसोगाईसान. आवाज मुलीचा निघाला की झालं.

बझर हातात थरथरला. त्याने ट्रे उचलला आणि टेबलाकडे वळला. कोतोहा एकटीच बसली होती, मान खाली, आणि तिचे ओठ हलत होते. गाणं म्हणत असेल असं त्याला वाटलं, कारण तसं वाटून घेणं सोयीचं होतं.

"गरम आहे हं. फुंकर मार."

"हो."

"शाळेत काय चाललंय?"

"चांगलं."

"त्या सशाचं काय झालं? पिंजऱ्यातून पळणारा?"

"मेला."

"अरेरे. कधी?"

"आधीच."

ट्रे सरकवताना मोबाईलवर रश्श्याचे दोन थेंब उडाले. पुसायला म्हणून त्याने तो उचलला आणि उलटा केला. पडद्यावर लाल रेघ पळत होती, शेजारी सेकंद. 'पळत होती' म्हणजे तो बोलला की उंच व्हायची, गप्प बसला की आडवी पडायची. त्याने मान वर केली. कोतोहा त्याच्याकडे बघत होती. तिला सगळं माहीत होतं. त्याने मोबाईल नीट पुसला आणि होता तसा पालथा ठेवून दिला.

त्यानंतर तो वाडग्यात नुसताच चमचा फिरवत बसला. शेजारच्या टेबलावर एक आजोबा सुर्रसुर्र करत खात होते, पलीकडे शाळेच्या पोरी एका आइस्क्रीमला चार चमचे लावून खिदळत होत्या. कोतोहाच्या वाडग्यातल्या नूडल्स फुगायला लागल्या. एरवी ती त्याच्या आधी संपवून त्याच्या वाडग्यातल्या मांसाच्या कापावर डोळा ठेवायची.

"खा ना गं. लगदा होईल त्याचा."

तिने चॉपस्टिक्स खाली ठेवल्या, अगदी सरळ रेषेत. दोन्ही हात मांडीवर घेतले, वर्गात उभं करून वाचायला सांगतात तशी पाठ ताठ केली.

"बाबा," ती मोठ्याने म्हणाली, "आपल्या नियमित भेटीगाठी यापुढे..."

ती थांबली. तीन टेबलं पलीकडे फुसाएबाईंनी कॉफीचा कप ओठांपाशी नेऊन तिथेच धरला होता.

"आपल्या नियमित भेटीगाठी यापुढे..." पुन्हा थांबली. डोळे मिचकावले. मग एका दमात म्हणाली, "आणि हे मी स्वतःच्या मनाने सांगत आहे."

तेरुआकीला हसू फुटणार होतं. सुरुवात आली, शेवट आला, मधलं गायब! ज्या पाच शब्दांनी त्याचा गळा कापायचा तेच नेमके पोरीच्या डोक्यातून उडाले होते. त्याला आनंद झाला, आणि तो काही फार चांगल्या जातीचा आनंद नव्हता. त्याने तीन टेबलांपलीकडे बघितलं. ऐका आता घरी जाऊन, त्याने मनात म्हटलं, आणि न्या कोर्टात. पुढचा महिना त्याचा होता. कदाचित त्याच्या पुढचाही.

"जाऊ दे," तो म्हणाला. "खा तू. माझा काप घे, हा बघ."

त्याने काप तिच्या वाडग्यात ठेवला. तिने तो पाहिलासुद्धा नाही. मग ती खुर्चीवरून उतरली, टेबलाला वळसा घालून त्याच्याजवळ आली आणि त्याच्या कानाला तोंड लावलं. मोबाईलला ऐकू जाऊ नये म्हणून हाताचा आडोसाही केला.

"मला येत होतं. घरी येत होतं. अंघोळीतपण म्हणून दाखवलं मी."

"असू दे."

"नाही असू दे. नीट म्हटलं नाही तर आईच्या पोटात दुखतं."

"काय?"

"बाळाला त्रास होतो. परवा मी चुकले तर आई रात्रभर झोपून होती. आजी म्हणाली, बघ, तुझ्यामुळे."

चिहारूला बाळ होणार होतं. हे त्याला असं कळलं, कानात, नूडल्सच्या वासासकट. त्यावर काय वाटावं ते वाटायला त्याच्याकडे वेळ नव्हता.

"असं काही नसतं, कोतोहा," तो हळूच म्हणाला. "बोलण्याने कुणाच्या पोटात दुखत नाही."

"आजी म्हणते, दुखतं."

"आजीला म्हणावं..." तो थांबला. आजीला म्हणावं काय, आणि म्हणणार कोण? त्याच्याकडे महिन्यातले दोन तास होते. उरलेला सगळा महिना आजीचा होता, अंघोळीसकट. आज ही पोर तशीच घरी गेली तर रात्री पुन्हा सुरुवात, उद्या पुन्हा. चिहारू जितक्या वेळा आडवी पडेल तितक्या वेळा ही दाराशी उभी राहून स्वतःला दोष देणार. आणि देव न करो, त्या बाळाचं काही बरंवाईट झालं तर? जिंकायचं ते ह्या पोरीच्या जिवावर जिंकायचं होतं. बाईंनी हिशेब चोख केला होता, त्याला मानायला हवं.

खांबाला ग्राहकांच्या सूचनांची पेटी टांगलेली होती, शेजारी कागदांचा गठ्ठा आणि दोरीला बांधलेली बोटभर पेन्सिल. तो उठला आणि त्यातला एक कागद घेतला. 'आपणास काय आवडलं नाही ते मोकळेपणाने लिहा,' असं वर छापलेलं होतं. पेन्सिलीची दोरी टेबलापर्यंत पोचत नव्हती. तिथेच खांबाला टेकून, फुसाएबाईंकडे पाठ करून, तो कागदाच्या मागच्या बाजूला लिहायला लागला.

पत्र त्याला पाठ होतं. पण पत्रातली चिनी वळणाची अवघड अक्षरं मोठ्या माणसांची, शाळेत ती इयत्तेगणिक थोडी थोडी शिकवतात, तिला ती अजून यायची नव्हती. त्याने एकेक शब्द सोडवून दुसरीच्या मुलांना येतात तेवढ्याच अक्षरांत लिहिला. शब्दांमध्ये बोटभर जागा सोडली. एक अक्षर नीट वळलं नाही म्हणून खोडून पुन्हा काढलं. बालवाडीत असताना तिचं नाव तिच्या छत्रीवर त्याने असंच लिहून दिलं होतं.

परत येऊन त्याने कागद तिच्या वाडग्याच्या मागे उभा केला, तीन टेबलांवरून दिसू नये असा. ओठांवर बोट ठेवलं, मग त्याच बोटाने पहिला शब्द दाखवला.

कोतोहाने कागद पाहिला, मग त्याला पाहिलं. एवढ्या वेळात तिचा चेहरा पहिल्यांदा उजळला. परीक्षेत शेजारच्याने पाटी सरकवावी तसा.

"बाबा, आपल्या नियमित भेटीगाठी यापुढे सुरू ठेवण्यास माझी... सं... समती..."

त्याने मान हलवली आणि त्या शब्दाखाली बोट टेकवलं.

"संमती," ती म्हणाली, "नाही."

त्याने पुन्हा पहिल्या शब्दावर बोट नेलं. अडखळलेलं चालणार नव्हतं, आजी पुन्हा म्हणायला लावणार. ह्या वेळी ती पहिल्यापासून शेवटपर्यंत एका लयीत वाचून गेली, कुठेही न चुकता, योग्य जागी श्वास घेऊन. आवाज खणखणीत लागला. शेजारच्या आजोबांनी खाणं थांबवून तिच्याकडे कौतुकाने बघितलं.

तेरुआकीने कागदाची घडी केली, आणखी एक घडी केली आणि ती आपल्या वाडग्यातल्या रश्श्यात बुडवून चमच्याने दाबली.

"आलं!" कोतोहा कुजबुजली. "सगळं आलं!"

"आलं. शाबास."

आता तिला भूक लागली. फुगलेल्या, गार झालेल्या नूडल्स तिने सुर्रकन ओढायला सुरुवात केली, हनुवटीवरून रस्सा ओघळला तरी फिकीर नाही. त्याने दिलेला कापही गेला. वाडगा दोन्ही हातांनी उचलून तिने तळ दिसेपर्यंत पिऊन टाकला आणि समाधानाने ढेकर दिली. मग सशाची गोष्ट सुरू झाली, तो कसा मेला, कुणी खड्डा खणला, खड्ड्यात गाजर कुणी टाकलं. ती बोलत राहिली आणि तो ऐकत राहिला. दीड वाजायला अजून अर्धा तास होता, आणि हा त्याच्या आयुष्यातला चांगला अर्धा तास होता असं म्हणायला हरकत नाही.

दीड वाजता फुसाएबाई आल्या. त्यांनी मोबाईल उचलला, पडद्यावर अंगठा टेकवला, कानाशी धरून थोडं ऐकलं. चेहऱ्यावर काही दिसलं नाही. मोबाईल पर्समध्ये गेला, पर्सची चेन लागली.

"छान बोललीस गं," त्यांनी नातीच्या डोक्यावरून हात फिरवला. "चल, आई ताटकळली असेल."

"आजी, मी अख्खा वाडगा संपवला!"

"हो का?"

"बाबा, पुढच्या वेळी मी मोठा वाडगा घेणार. तुमच्याएवढा. तुम्ही लहान घ्यायचा." कोतोहाने कोट चढवला, एक बाही उलटी गेली, ती फुसाएबाईंनी सरळ केली. "आणि मग आइस्क्रीम. चालेल ना? वचन?"

करंगळीत करंगळी अडकवून वचन घ्यायला तिने आपली पुढे केली.

तेरुआकीने फुसाएबाईंकडे बघितलं. काहीतरी त्या बोलतील, पुढची वेळ नाही हे निदान त्या तरी तिला सांगतील, असं त्याला क्षणभर वाटलं. बाई पर्सचा पट्टा खांद्यावर नीट बसवत होत्या.

"द्या की, इसोगाईसान," त्या म्हणाल्या. "पोर किती वेळ हात पुढे करून उभी राहणार?"

त्याने आपली करंगळी दिली.