गोणपाटातली शिलाई मशीन

मी शिलाई मशीन बोलतेय, तेही गोणपाटाच्या आतून. आवाज दबका वाटला तर दोष माझा नाही. ही माणसं मला बांधतात, सोडतात आणि पुन्हा बांधतात. जीव विटलाय माझा.

माझी मालकीण विनिता. तिच्या लग्नात मी तिच्याबरोबर वसईजवळच्या नंदाखालला, तिच्या सासरी आले. तिथं माझ्यावर शिवणकाम कमी व्हायचं, घरातली रद्दीच जास्त साठायची. तिचा नवरा रमेश वाईट नव्हता, पण दोघांचं कशावरच जुळलं नाही. शेवटी घटस्फोट झाला. विनिता मुलीला, संपदाला, आणि मला घेऊन वसईतच, पापडीत क्लेमेंटीन आंटींच्या खोलीत भाड्यानं राहायला आली. ब्लाउज, परकर, शाळेचे गणवेश असं काम मिळालं आणि माझं चाक दिवसभर फिरू लागलं. संपदा माझ्या पायडलशेजारी बसून चिंध्यांशी खेळायची.

मुलगी कायमची कुणाकडे राहणार, हा निकाल मात्र कोर्टात अडकला होता. तोवर ती आईकडे आणि रविवारी बाबांकडे.

अशात विनितानं परेशशी लग्न केलं. परेश शांत माणूस, नाशिकला कारखान्यात नोकरीला. विनितानं हौसेनं सामान बांधलं, टेम्पो दारात आला आणि मागोमाग वकिलाचा निरोप. रमेशनं हरकत घेतलीय, कोर्टाच्या परवानगीशिवाय मुलीला वसईबाहेर नेऊ नका. टेम्पो रिकामा गेला, मला सोडलं. पुढच्या तारखेला परवानगी मिळणारच, म्हणून पुन्हा बांधलं. त्या दिवशी न्यायाधीश रजेवर. पुन्हा सोडलं. तोवर माझ्या चाकाला गंज चढला, गिऱ्हाइकं दुसरीकडे वळली. खोली रिकामी होणार की नाही, हे विचारून आंटी थकल्या. शनिवारी येणाऱ्या परेशनं एकदा सुचवलं, की तू आधी चल, संपदाला निकालानंतर आणू. विनिता त्याच्याशी दिवसभर बोलली नाही.

जो तो संपदाच्या भल्याचंच बोलायचा. तिला विचारायचे तेही असं, की उत्तर आधीच ठरलेलं. नाशिकला आवडेल ना तुला, असं आई विचारायची; ती हो म्हणायची. तुला इथंच राहायचंय ना, असं रमेश दारात चपला घालताना विचारायचा. ती त्यालाही हो म्हणायची. मी दोन्ही ऐकायचे आणि चडफडायचे.

एका रविवारी रमेश तिला सोडायला आला तो चिडूनच. विनिता पोरीला पढवते, असं म्हणाला. पढवता तुम्हीच, असं तिनं सुनावलं. परेश मध्ये पडायला गेला, तर दोघांनी मिळून त्याला गप्प केलं. एवढ्या एका बाबतीत त्यांचं जुळलं.

संपदा माझ्याखाली चिंध्या निवडत होती. मान वर न करता ती म्हणाली, "मला कुणी पढवलं नाही. ज्याला जे आवडेल ते मी सांगितलं. म्हणजे कुणी रागावणार नाही."

रमेश फरशीवर बसला.

"मग तुला खरं काय हवंय?"

"माहीत नाही, बाबा. पण मध्येच शाळा सोडायची नाही, एवढं माहितेय."

रमेश उठून उभा राहिला. मग विनिताला म्हणाला, "नाशिकला गेली की मी तिला पाहुणा होईन गं. म्हणून अडवत होतो."

"हे तुम्ही कोर्टात कधी बोलला नाहीत."

"तिथं कोण विचारतं?"

त्या दिवशी पहिल्यांदा दोघं वकिलांशिवाय बोलले. चौथीची परीक्षा पापडीतच द्यायची, मग आईबरोबर नाशिकला. सगळ्या सुट्ट्या नंदाखालला, बाबांकडे. तोवर आपण दर शनिवारी येत राहू, असं परेश म्हणाला. पुढे कोर्टानंही ते मान्य केलं. इतक्या साध्या गोष्टीसाठी माझे हाल का केलेत, ते मला अजून कळलेलं नाही.

परीक्षा झाली, नंदाखालची उन्हाळी सुट्टीही संपली आणि आज मी टेम्पोत आहे. माझा दोर आवळायला परेशच्या जोडीला रमेशही आलाय. आंटी दारात उभ्या आहेत. त्यांना माझा रामराम. आणि तुम्हा सगळ्यांना हात जोडून सांगते, भांडायचं तेवढं भांडा, पण सामान बांधण्याआधी एकमेकांशी बोला.

टेम्पो सुरू झाला. रमेश खिडकीशी आला. "सुट्टी लागली की मीच न्यायला येईन," तो म्हणाला.

"या ना," संपदा म्हणाली. "पण आधी आईला विचारा. मला मध्ये घालू नका."

रमेशनं मान हलवली आणि विनिताकडे पाहिलं. "दिवाळीला येऊ?"

"या," ती म्हणाली.