विभागप्रमुखांचं मत

दोन हजार साली विद्यापीठाने लहान विभाग मोडून मोठी संकुलं करायचं ठरवलं, तेव्हा तत्त्वज्ञान विभागात दोनच शिक्षक उरले होते. विभागप्रमुख दिगंबर सर आणि त्यांचीच जुनी विद्यार्थिनी वासंती. ती तर्कशास्त्र शिकवायची, म्हणून नवा संगणक विभाग तिच्यावर डोळा ठेवून होता. तिकडे पोरं दाटीवाटीने बसत; इकडे बाकं रिकामी. पण ती गेली, तर एका शिक्षकाचा विभाग स्वतंत्र राहणार नव्हता. वासंतीने साफ नकार कळवला.

विद्या परिषदेच्या बैठकीला दोघांना बोलावणं आलं. अधिष्ठाता हिंमतरावांनी विचारलं, "विभागप्रमुखांचं काय म्हणणं?"

सर उठले. "विभाग समाजशास्त्रात विलीन करावा. वासंतीबाईंना संगणकाकडे द्यावं. माझी हरकत नाही."

वासंतीचा आपल्या कानांवर विश्वास बसेना. बाहेर जिन्यात तिने सरांना गाठलं.

"मला विचारायचं तरी, सर!"

"विचारलं असतं तर नाही म्हणाली असतीस."

"मग तेच माझं उत्तर होतं."

"मी लवकरच निवृत्त होईन. मग रिकाम्या वर्गाची राखण करत बसली असतीस, माझ्या भिडेपोटी."

"भीड नव्हती ती," वासंतीचा आवाज चिरकला. "मला तो विभाग हवा होता. तो तुमच्या एकट्याचा नव्हता."

सर कठडा धरून सावकाश खाली उतरले.

संगणक विभागाच्या नव्या इमारतीत वासंतीचं शिकवणं रंगलं, आणि त्याचाच तिला जास्त राग आला. दिवाळीची सुट्टी संपली तरी ती सरांकडे फिरकली नाही. एका दुपारी मात्र पाय आपोआप समाजशास्त्राकडे वळले. तिथे कपाटामागच्या कोपऱ्यात सरांना एक टेबल मिळालं होतं. तिला पाहून ते उभे राहिले.

"विभाग गेला त्याचं मला वाईट वाटत नाही," ते म्हणाले. "तुला विचारलं नाही, त्याचं वाटतं. फार वाटतं."

"मला दोन्हीचं वाटतं," वासंती म्हणाली.

सरांनी मान हलवली. दुसरी खुर्ची नव्हती. त्यांनी आपली पुढे सरकवली आणि स्वतः खिडकीच्या कट्ट्यावर टेकले. वासंती त्या खुर्चीत बसली. दुपार कलली तरी ती उठली नाही.