उतारावरचा चार्जिंगबाबा

भिसे खिंडीच्या माथ्यावर गर्दी मावत नव्हती. पेणकर, रोहेकर, अष्टमीचे दुकानदार, सगळे एका जुनाट इलेक्ट्रिक गाडीभोवती हात जोडून उभे. बॉनेटवर हार, चाकांखाली लिंबं आणि आत भगव्या शालीत चार्जिंगबाबा.

"ॐ व्होल्टाय नमः! वायर नाय, प्लग नाय, फक्त नामाचा करंट!"

गाडी रोह्याच्या बाजूला उतरली. निघताना पडद्यावर बॅटरीचे एक्केचाळीस टक्के होते, पायथ्याशी बेचाळीस झाले. अष्टमीच्या हौसाबाईंनी तर टायरवर डोकं टेकवलं.

बाबांचं मूळ नाव हैबतराव, धंदा जुन्या इलेक्ट्रिक गाड्या विकण्याचा. नव्या गाड्यांच्या बॅटऱ्या स्वस्त झाल्या, एका चार्जमध्ये मुंबईला जाऊन परत येऊ लागल्या, तसं यांच्या थकलेल्या गाड्यांना गिऱ्हाईक मिळेना. मग हैबतरावांना साक्षात्कार झाला. असे वेळेवर होणारे साक्षात्कार मला फार आवडतात.

अष्टमीच्या दत्ताने नव्या गाडीचा बेत मोडून बाबांकडून 'सिद्ध बॅटरी'ची गाडी घेतली. काही दिवसांतच त्याचे वडील दाजी छातीत कळ येऊन पडले. रोह्याच्या डॉक्टरांनी ताबडतोब पेणला हलवायला सांगितलं. "ॲम्ब्युलन्स कशाला? आपली गाडी हाय की," दत्ता म्हणाला. खिंडीच्या चढावर टक्के भराभर उतरले आणि गाडी थांबली. दत्ताने बाबांना फोन लावला.

"श्रद्धा कमी पडली, बाळा. जप वाढव."

दत्ताने जप वाढवला. दाजींनी मागच्या सीटवरच प्राण सोडला.

तेराव्यानंतरही दत्ताचं एकच पालुपद, "माझीच श्रद्धा कमी पडली." शेवटी त्याची बहीण वैशाली, नागोठण्याच्या शाळेतली विज्ञानाची शिक्षिका, त्याला रात्रभर प्लगला लावलेल्या त्याच गाडीतून खिंडीत घेऊन गेली. बाबांचा दरबार भरलेलाच होता.

"हौसाबाई, मागं बसा, पडदा बघा. दादा, तू चालव. मंत्र नको, मी तेराचा पाढा म्हणते."

तेरा सक अठ्ठ्याहत्तर झालं आणि टक्का वाढला.

"अगो, पाढ्यानं पण चार्ज होते गो!" हौसाबाई किंचाळल्या.

माथ्यावर परतल्यावर वैशालीने सगळ्यांना सांगितलं, "उतारावर गाडीचा वेग आवरताना मोटरच वीज बनवते. प्रत्येक इलेक्ट्रिक गाडीत हे असतं. ही बॅटरी थकलेली, तिच्यात मावतंच कमी, म्हणून जराशी भर पडली तरी टक्का वाढतो. वाटी लहान, चमचाभर आमटीनं भरते. आता बाबा, चढावर जप करून दाखवा."

पायथ्यापासून वर येताना बाबांनी त्याच गाडीत घसा फुटेपर्यंत जप केला. टक्के उतरतच गेले. "इथं कुणीतरी पापी हाय!" माथ्यावर उतरताच ते ओरडले, आणि सगळ्यांनी दत्ताकडे पाहिलं. मग हौसाबाई हसल्या, आणि सगळी खिंड हसली.

दत्ता हसला नाही. "म्हंजे माझी श्रद्धा कमी नव्हती पडली?"

"नाय दादा. श्रद्धा भरपूर होती. म्हणून तर ॲम्ब्युलन्स आली नाय."

माणसांनी डोकं चालवून बॅटरी स्वस्त केली, लांब पल्ल्याची केली. तिला कुणी हार घातला नाही. घालूही नका. फक्त गाडी घेताना ती चढावर चालवून बघा, आणि बाबा भेटला तर त्यालाही.