चार हजार एकाव्या जागेवर

"पुन्हा अडला प्रोग्रॅम?" दौलतराव साहेबांनी दारातूनच विचारलं.

"त्याच ठिकाणी. चार हजार एक," सुमनताई मान वर न करता म्हणाली.

चिंचवडच्या त्या कारखान्यात ही एकच खोली गार होती, तीही माणसांसाठी नव्हे, कॉम्प्युटरसाठी. सुमनताईने चार वर्षं पलीकडच्या खोलीत कार्डं पंच केली होती, म्हणजे आकड्यांची भोकं पाडली होती. तिथून उठून प्रोग्रॅम लिहायला बसलेली ती पहिलीच बाई. स्टोअरमधल्या मालाची यादी यंत्राने छापून द्यावी, एवढंच काम. त्याला तीन आठवडे झाले. आज अडीचच्या भोंग्याआधी यादी निघाली नाही, तर उद्यापासून पुन्हा पंचिंगला बसायचं, असं साहेबांनी सकाळीच सांगितलं होतं. रागावले असते तर बरं वाटलं असतं. ते नुसतेच दमलेले होते.

"तुमच्या दहा कार्डांवर तर चालला होता."

"चालला होता."

"मग स्टोअरची खरी कार्डं घातली की काय होतं त्याला?"

"तेच शोधतेय, साहेब. डोळे राहिले तर सापडेल."

मेमरीचा छापील उतारा टेबलावरून खाली लोंबत होता, वलणीवरून घसरलेल्या लुगड्यासारखा. आठ हजार जागा, एका जागेत एक अक्षर. वाटणी तिनेच केलेली. सुरुवातीच्या थोड्या जागा यंत्राच्या स्वतःच्या, कार्ड वाचायला आणि ओळ छापायला. पुढे कार्डं आत घेण्याचे हुकूम. दोन हजार एकपासून मालाचा तक्ता: स्टोअरचे दोनशे खण, खणाला दहा जागा, तीन नंबरला नि सात नगांना; चार हजारला तक्ता संपला. लगेच चार हजार एकपासून छपाईचे हुकूम. मध्ये बोटभर फट नाही. आणि यंत्र असं भोळं, की माल कुठला नि हुकूम कुठला हे त्याला कळत नाही. ज्या जागेवर पाठवाल तिथे जे दिसेल ते हुकूम म्हणून पाळायला जातं.

तिची आई दळताना गुणगुणायची:

*एका भिंतीला गं घरं दोन,*
*धूर कुणाचा ते सांगंल कोण?*

धूर इकडे दिसतोय, चूल पलीकडे असेल. सुमनताईने बोट उताऱ्यावर टेकवलं. चार हजार एकपासून पुढच्या दहा जागा: 2000000046. हा हुकूम नव्हता. हा दोनशे नंबरचा खण होता, शेहेचाळीस नग. तक्त्यातला शेवटचा गडी शेजारच्या घरात घुसून बसला होता.

पण कुणी ढकलला? बोट मागे मागे गेलं, थेट तक्त्याच्या तोंडाशी. दोन हजार एकवर एक नंबरचा खण हवा. तिथे होतं 0000000001. शून्य नंबरचा खण, एक नग.

ती उठून स्टोअरमध्ये गेली. धोंडीबा चष्मा कपाळावर ठेवून बोल्ट मोजत होता. या कारखान्याची पहिली फळी त्यानेच ठोकलेली.

"काका, शून्य नंबरचा खण कुठला?"

"त्यो व्हय? देवाचा." त्याने दाराजवळच्या फळीकडे हात केला. भंडाऱ्याची पुडी आणि एक नारळ. "पयला खण देवाचा, मग मालाचा. साहेब म्हनले, खण तितकी कारडं द्या. नारळ एक हाय, लिवला एक. खोटं लिवलं न्हाई."

सुमनताईला हसू आलं, पण गालापर्यंत पोचायला त्याला वेळ लागला.

धोंडीबा तिच्या मागोमाग गार खोलीत आला. साहेबांनी ऐकलं आणि कपाळाला हात लावला. "दोनशे एक! काढा ते कार्ड, चालवा, मोकळ्या व्हा."

"काढा की ताई," धोंडीबाही म्हणाला. "देवाला काय कारडाची पडलीय?"

घड्याळात पावणेदोन. एक कार्ड काढलं की दोनपर्यंत यादी हातात आणि तिची खुर्ची तिची. सुमनताई ते कार्ड बोटांत धरून उभी राहिली.

"काका, पुढच्या महिन्यात नवा खण लावणार का?"

"चार लावायचेत. बेरिंगं यायचीत."

"मग तेव्हा पुन्हा हेच." तिने कार्ड गठ्ठ्यात परत सारलं. "साहेब, तक्ता हलवते. छपाईचे हुकूम बावन्नशेला संपतात. पुढचं सगळं रान मोकळं आहे. तिथे अडीचशे खण मावतील."

"आणि तक्त्याचा जुना पत्ता प्रोग्रॅममध्ये किती कार्डांवर आहे?"

"सात."

"एक चुकलं तर आज यादी नाही. मग मला बोलू नका."

"नाही बोलणार."

सात कार्डं शोधायला अर्धा तास गेला. ती पंचिंगच्या खोलीत आपल्या जुन्या जागी बसली. बोटांना सगळं पाठ होतं, पण आज प्रत्येक कळ दाबताना ती थांबत होती. सातवं कार्ड मशीनमध्ये असतानाच भोंगा झाला. दुसऱ्या शिफ्टचा ऑपरेटर दारात येऊन उभा राहिला.

"पाच मिनिटं थांबा, भाऊ," साहेब त्याला म्हणाले.

गठ्ठा आत गेला. चार हजार एक आला तसा गेला. छपाई सुरू झाली, ओळीमागून ओळ, खोलीभर खडखडाट. शेवटची ओळ पडली. साहेबांनी कागद फाडून घेतला आणि वरपासून खालपर्यंत वाचला.

"उद्यापासून टूल-रूमची यादी धरा."

सुमनताईने खुर्चीच्या पाठीवर मान टेकली.

"परवापासून, साहेब," ती म्हणाली. "उद्या मी झोपणार आहे."