हब लागलं का?

आमचं म्हातारं चैत्रापासून बोललेलं न्हाई.

सकाळी चहाची बशी हातातून पडली. मी म्हटलं, “अवो, नीट धरा की,” आन् बघते तर उजवा हात, उजवा पाय, तोंड, सगळंच ढिलं पडलेलं. दवाखाना झाला. हळूहळू काठीला धरून ओसरीतनं अंगणात यायला लागले, पण बोलणं गेलं ते गेलंच. डॉक्टर म्हणाले, ह्यांना कळतं सगळं, शब्द तेवढे जिभेवर येत न्हाईत. आले तर आधी सवयीचे येतील, त्यांच्याशी बोलत राहा.

आता मी काय कमी बोलते व्हय? अख्ख्या शिनोलीला कुशाबाईचं तोंड म्हाईत हाय. पण समोरनं कुणी उलटून बोलंना तर माणसानं भांडायचं कुणाशी? उभा जन्म ह्या माणसाच्या तोंडाला तोंड दिलं. आता घरात सगळी मेली गोड गोड बोलतात. आज्जी जेवलीस का, आज्जी पडतेस का जरा. असं गोड ऐकून ऐकून घर खायला उठतं मला.

म्हणून श्रावणात मीच ठरवलं, ह्यांना वाडीला न्यायचं. वाडी म्हंजे माझं माहेर, शिनोलीवरनं वर डोंगरात. ज्या रस्त्याला ह्यांचं तोंड सगळ्यात जास्त चालायचं, त्या रस्त्याला नेऊन तर बघू! थोरला म्हणाला, “आई, पावसाचं कुठं नेतीस त्यांना?” मी म्हटलं, “तू गप ऱ्हा. एक शब्द ऐकायचाय मला. एकच.”

कुठला शब्द, ते मी त्याला सांगितलं न्हाई. तुमाला सांगते.

घोडेगाव ते वाडी ह्यांची जीप चालायची. लोक म्हणायचे सयाजीभाऊ जीपवाले, मी आपलं ‘हे’. वाडीच्या अलीकडं ओढा हाय आन् ओढ्यापल्याड तांबड्या मातीचा चढ. पाऊसकाळात तिथं लोण्यावानी चिखल. जीपची मागचीच दोन चाकं इंजिनाचा जोर घ्यायची, पुढची नुसती गडगडत मागनं... आपलं, पुढनं चालायची. चढाला पुढच्यांनाबी कामाला जुंपायचं तर चाकाच्या मधोमध एक चकती असती, तिला म्हणायचं हब. ती हातानं फिरवून लॉक करायची, दोन्ही चाकांची. मग हे आतनं छोटा दांडा ओढायचे, की चारी चाकं एकदम माती धरायची. एक हब जरी नीट लागलं न्हाई तर ते चाक फुकटचं पावणं, नुसतं बसून खाणार.

खाली उतरणार कोण? हँडब्रेक नावालाच. ह्यांनी ब्रेकवरचा पाय काढला की जीप ओढ्यात. क्लिनर म्हणून कुणी ठेवावा तर ह्यांच्या तोंडापुढं टिकंल तर शप्पत! शेवटी सासूबाई म्हणाल्या, “कुशे, माहेर तुझं, चिखल तुझा, तूच जात जा.” मग काय, पदर खोचायचा आन् गुडघाभर चिखलात उतरायचं. वाकून हब फिरवायला लागले की वरनं आरोळी यायची, “कुशेऽ, लागलं का?” मी खालनं, “लागलंऽ!”

सासऱ्यांच्या देखत ह्यांनी मला कधी नावानं हाक मारली न्हाई. तशी रीतच व्हती. आन् इथं जीपभर माणसांत, टपावरच्या कोंबड्यांसकट सगळ्यांच्या कानावर, कुशेऽ! तोच तो शब्द. मला लई बरं वाटायचं. खोटं कशाला बोलू?

ते बरं वाटणंबी घटकाभराचंच. मी वर चढायला लागले की ह्यांचा हात आडवा. “पाय झाड.” घ्या! चिखलात मीच उतरायचं, वर पाय झाड! जीप म्हंजे ह्यांचा देव्हारा, आत ढेकूळ आलेलं खपायचं न्हाई. मी म्हणायची, “चिखल काय माहेरनं आणला का मी?” तर हे म्हणायचे, “व्हय, तुझ्या माहेरचाच हाय. झाड.” आख्खी जीप हसायची. माझं डोकं असं फिरायचं! वाडी येईस्तोवर मी बोलायची न्हाई, आन् वाडीत उतरले की आईला सगळं तिखटमीठ लावून सांगायची.

पुढं ह्यांची नजर झाली कमी, जीप गेली भंगारात. आता थोरल्याची पोरगी श्रेया गाडी चालवते. नवी पिकअप. नारायणगावच्या बाजारात टोमॅटोची कॅरेटं पोचवून ती दुपारी आली, तशी आमी निघालो. पुढं एकच लांब सीट. श्रेया स्टेअरिंगला, मधी हे, दाराशी मी. सबंध रस्ता मी एकटीच बडबडत व्हते. हे बघा मारुतीचं देऊळ, हितं तुमचं पंक्चर झालं व्हतं. हे समोर बघत बसलेले, डोळा हलंना.

ओढ्यावर आता पूल झालाय, पण पुढचा चढ व्हता तस्साच. गाडी थोडी वर चढली, मागची चाकं जागच्या जागी घुरघुरली, आन् श्रेयानं ब्रेक दाबला. हीच ती जागा. श्रेया काही बोलायच्या आत मी दार उघडून खाली. पाय पार घोट्याच्या वर रुतले. वाकले, चाकाला हात घातला, तर चकती कुठाय? गुळगुळीत टोपण नुसतं. फिरवायला काहीच न्हाई.

“आज्जी! अगं उतरलीस कशाला?” श्रेया ओरडली. “ते आता आतूनच होतं. हे बटण फिरवलं की वायरीतून निरोप जातो, खाली एक छोटी मोटर असते, ती गियर सरकवते आणि हब आपोआप लॉक होतात.”

“आन् मग माणसानं काय करायचं?”

“बसून राहायचं!”

जळ्ळं मेलं बसून राहणं. मी म्हटलं, “फिरव तुझं बटण. मी हितंच उभी ऱ्हाते.”

तिनं गाडी न्यूट्रलला घेतली, बटण फिरवलं. म्हणाली, दिवा लुकलुकतोय, म्हंजे अजून धरलं न्हाई, जरा मागं घेते, बाजूला हो. गाडी हातभर मागं सरकली आन् चाकातनं आवाज आला, खट्. माझ्या ओळखीचा. हात कुणाचा का असंना, आवाज तोच व्हता.

मी वर बघितलं. आता. आता म्हणा. पाऊस तोंडावर येत व्हता, तरी मी पदर घेतला न्हाई, न जाणो शब्द पदराआड जायचा. हे समोरच बघत व्हते. ओठाला ओठ.

“दिवा थांबला आज्जी, लागलं!” श्रेया म्हणाली.

ती कोण सांगणार? ते सांगायचं काम माझं व्हतं. मी ओरडले, “लागलंऽ! अवो, लागलं म्हणते मी!” कुणी विचारलेलं नसताना. ह्यांनी मान वळवली न्हाई. तवा मातूर माझं अवसान गेलं. म्हटलं, कुशे, संपलं. चाकांना माणूस नको, आन् ह्या माणसाला तू आठवंना. नाक पुसलं, दाराला धरलं आन् पाय वर टाकला.

तर हात आडवा.

ह्यांचा डावा हात, बरा असलेला. मला वाटलं तोल जातोय. “काय हवंय? पाणी देऊ?” हे चिडले. खरंच चिडले, कपाळाला आठी, नाकपुड्या फुगलेल्या. नजर माझ्या पायांवर. ओठ हलायला लागले, नुसतीच हवा आली, मग परत.

“पा... पाय.” आन् दम घेऊन, “झाड.”

श्रेयाचा हात तोंडावर गेला. “आज्जी, आजोबा बोलले!”

“बोलले तर काय! सुंभ जळला तरी पीळ जाईना!” मी म्हटलं. माझ्या डोळ्याला धारा लागल्या व्हत्या आन् तोंड आपलं चालू. “एवढे महिने गप बसले ते हे बोलायला? आँ? चिखल काय माहेरनं आणला का मी?”

ह्यांचं तोंड एका बाजूला वाकडं झालं. हसत व्हते.

“व्ह... व्हय.”

मी तिथंच, पावसात, गाडीच्या पायरीवर पाय आपटायला लागले. एक आपटला, दुसरा आपटला. चिखल कवाच गळून गेला व्हता.

“आज्जी, झालं गं, बस आता,” श्रेया डोळे पुसत म्हणाली.

मी म्हटलं, “थांब जरा. त्यांनी हात कुठं काढलाय अजून?”